पियानोच्या प्लेटचे स्क्रू व बोल्ट

पियानोच्या आत तारांचा ताण पेलणारी जी बिडाची चौकट असते, तिला पियानो-तंत्रज्ञ 'प्लेट' म्हणतात. ही प्लेट वाद्याच्या लाकडी सांगाड्याशी जखडून ठेवणाऱ्या स्क्रू, बोल्ट व नट यांना एकत्रितपणे प्लेटचे स्क्रू व बोल्ट असे म्हणतात. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते व आकसते, बीड मात्र जवळजवळ तसेच राहते. त्यामुळे काही वर्षांनी हे जोड सैल पडतात. ते तपासणे आणि गरजेनुसार पुन्हा आवळणे हा पियानोच्या देखभालीचा एक भाग होय. हे काम वरवर सोपे दिसते. परंतु बीड ठिसूळ असल्यामुळे चुकीच्या जागी दिलेल्या जोराने प्लेटला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेल्या प्लेटचा पियानो बहुधा पुन्हा वापरात येत नाही. म्हणून कोणता स्क्रू आवळावा याइतकेच कोणता आवळू नये, हे जाणणेही या कामात महत्त्वाचे मानले जाते.

प्लेटचे कार्य

आधुनिक पियानोत ८८ पट्ट्या आणि साधारणपणे २२० ते २३० तारा असतात. खर्जातील काही स्वरांना एकच तार, त्यांच्या वरच्या काही स्वरांना दोन आणि उरलेल्या बहुतेक स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. एका तारेवरील ताण सरासरीने ७० ते ८० किलोग्रॅम वजनाइतका धरला, तर सर्व तारांचा मिळून ताण १६ ते १८ टनांच्या घरात जातो. मोठ्या कॉन्सर्ट ग्रँड पियानोत तो २० टनांच्या आसपास असतो.

प्रत्येक तारेचे एक टोक प्लेटवरील पिनेला अडकवलेले असते आणि दुसरे टोक सूर लावण्याच्या खुंटीभोवती गुंडाळलेले असते. या खुंट्या कठीण लाकडाचे थर चिकटवून केलेल्या जाड ठोकळ्यात बसवतात. त्याला पिनब्लॉक म्हणतात. तारांच्या ओढीमुळे पिनब्लॉक आणि पिना एकमेकांकडे खेचल्या जातात. ही ओढ प्लेट दाबाच्या रूपाने आपल्या अंगावर घेते. प्लेट नसेल, तर एवढा भार निव्वळ लाकडी सांगाड्यावर पडून तो हळूहळू वाकेल आणि वाद्याचा सूर कधीच स्थिर राहणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तारांचा मुख्य भार स्क्रूंनी पेलावा, अशी रचना नसते. चांगल्या बनावटीच्या ग्रँड पियानोत पिनब्लॉकची कड प्लेटच्या खालच्या काठाला सर्व लांबीभर घट्ट भिडवलेली असते आणि तारांची ओढ या भिडलेल्या पृष्ठभागातून प्लेटमध्ये उतरते. स्क्रूंचे काम प्लेट व लाकूड यांना एकमेकांवर दाबून धरण्याचे आहे. तारांची पातळी आणि प्लेटच्या जाडीचा मध्य एका रेषेत नसतात. त्यामुळे ताणाखालील प्लेटची प्रवृत्ती वाकण्याकडे व पीळ घेण्याकडे असते. तिला जागेवर ठेवणे हेच या जोडांचे खरे प्रयोजन होय.

इतिहास

इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इ.स. १७०० च्या सुमारास पियानोची निर्मिती केली. त्याच्या वाद्यांचा सांगाडा लाकडी होता आणि तारा बारीक व हलक्या ताणाच्या होत्या. पुढील शतकभरात सभागृहे मोठी झाली, अधिक भरदार आवाजाची मागणी वाढली आणि तारा जाड होत गेल्या. वाढलेला ताण लाकडाला सोसेना, तेव्हा कारागीर धातूच्या आधाराकडे वळले.

लंडनमध्ये १८२० साली विल्यम अ‍ॅलन व जेम्स थॉम यांनी धातूच्या नळ्यांच्या चौकटीचे एकस्व घेतले. तापमान बदलले की तारांबरोबर नळ्याही लांबाव्यात व आखडाव्यात आणि सूर टिकावा, अशी तिच्यामागची कल्पना होती. अमेरिकेत बोस्टन येथील अल्फियस बॅबकॉक याने १८२५ साली चौकोनी पियानोसाठी एकसंध ओतलेल्या लोखंडी चौकटीचे एकस्व मिळवले. त्याच शहरातील जोनास चिकरिंग याने १८४० साली या कल्पनेत सुधारणा केली आणि १८४३ मध्ये ती ग्रँड पियानोला लागू केली. न्यूयॉर्कच्या स्टाइनवे अँड सन्स या संस्थेने १८५९ साली खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेणाऱ्या ग्रँड पियानोचे एकस्व घेतले. एकसंध प्लेट आणि तिरप्या तारा यांचा हा मेळ पुढे जगभर रूढ झाला.

एकसंध प्लेट आल्यानंतर लाकूड व बीड हे भिन्न स्वभावाचे दोन पदार्थ कायमचे एकत्र बांधले गेले. स्क्रू आवळण्याचा प्रश्न या संयोगातूनच निर्माण झाला.

बिडाचे गुणधर्म

पियानोची प्लेट करड्या बिडाची असते. या बिडात कार्बनचे प्रमाण साधारण २.५ ते ४ टक्के असते आणि त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बिडात कंपने लवकर शमतात, आणि वितळलेले बीड गुंतागुंतीच्या साच्यातही नीट उतरते. दाब सहन करण्याची त्याची शक्ती ओढ सहन करण्याच्या शक्तीच्या सुमारे तीन ते चार पट असते. तारांचा भार मुख्यतः दाबाचा असल्याने हा पदार्थ प्लेटसाठी योग्य ठरला.

मात्र तेच पापुद्रे ओढ किंवा वाक पडताच भेगेची सुरुवात करून देतात. पोलाद तुटण्याआधी वाकते आणि पुरेशी सूचना देते. बीड फारसे न वाकता एकदम तडकते. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला की त्याचे तुकडे होतात, पत्र्याच्या तव्याला मात्र केवळ पोचा येतो. प्लेटच्या बाबतीतही हाच फरक लक्षात ठेवावा लागतो.

पूर्वी प्लेट वाळूच्या साच्यात ओतून, आतील ताण निघून जावेत म्हणून काही महिने तशीच मुरू देत असत. १९७० च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या निर्वात साच्याच्या पद्धतीमुळे अधिक गुळगुळीत व मोजमापाला नेमक्या प्लेटा तयार होऊ लागल्या. पद्धत कोणतीही असली, तरी बिडाचा ठिसूळपणा कायम राहतो.

जोडांचे प्रकार

प्लेटवर दिसणारे सर्व स्क्रू एकाच कामाचे नसतात. त्यांचे ढोबळमानाने पुढील प्रकार पडतात.

* परिघावरील स्क्रू: हे प्लेटच्या कडेने असतात आणि तिला पियानोच्या आतील लाकडी कडेशी बांधतात. ते जाड व लांब असून त्यांचे आटे थेट लाकडात बसतात. काही पियानोंत यांचे माथे षटकोनी असतात, तर काहींत स्क्रूड्रायव्हरसाठी खाच असते.
* पिनब्लॉकचे स्क्रू: हे खुंट्यांच्या रांगांच्या आसपास असतात व पिनब्लॉकला प्लेटच्या खालच्या बाजूस घट्ट धरतात. काही बनावटींत पिनब्लॉक वाद्याच्या पेटीलाही चिकटवलेला असतो. काहींत तो केवळ या स्क्रूंच्या आधारे प्लेटला लटकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात या स्क्रूंचे महत्त्व अधिक असते.
* नोजबोल्ट: हे प्लेटच्या मधल्या भागात असतात. खालच्या लाकडी तुळयांत बसवलेला बोल्ट नादफलकाला पाडलेल्या मोकळ्या छिद्रातून वर येतो. त्याच्या खांद्यावर प्लेट टेकते आणि वरून नट बसतो.
* तळाशी असलेले आधार: काही ग्रँड पियानोंत उंच स्वरांच्या बाजूला प्लेटचा एक भाग खाली जाऊन लाकडी सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. हा जोड सहजासहजी दृष्टीस पडत नाही.

पियानोच्या यंत्रणेतील हातोड्यांचे बारीक स्क्रू, पेडलच्या जोडणीचे बोल्ट आणि पायांचे स्क्रू हेही वेळोवेळी आवळावे लागतात. परंतु त्यांच्यावर तारांचा भार नसल्याने ते प्लेटच्या जोडांत मोडत नाहीत.

सैल पडण्याची कारणे

लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असलेल्या हवेत लाकूड दीर्घकाळ राहिले, तर त्यातील पाण्याचा अंश सुमारे ८ टक्क्यांवर स्थिरावतो. ८० टक्के आर्द्रतेत तो सुमारे १६ टक्क्यांपर्यंत जातो. ओलावा वाढला की लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगते. परंतु स्क्रूच्या माथ्याने आणि प्लेटने दाबून धरलेल्या लाकडाला फुगायला जागा नसते. अशा वेळी त्याचे तंतू जागच्या जागी चेपले जातात. पुढे कोरडा ऋतू आला की हेच लाकूड आकसते. चेपलेले तंतू मात्र पूर्ववत होत नाहीत. परिणामी लाकडाची जाडी मूळ जाडीपेक्षा किंचित कमी भरते आणि स्क्रूचा माथा पूर्वीइतका दाब देत नाही. कोणीही हात न लावता स्क्रू सैल होतात, ते या चक्रामुळे.

हा बदल किती असतो याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. कठीण लाकडाची जाडी ओलाव्यातील दर एक टक्का बदलामागे साधारण ०.२ टक्के बदलते असे धरले, तर ४० मिलिमीटर जाडीचा लाकडी भाग ओलावा ४ टक्क्यांनी घटल्यावर सुमारे ०.३ मिलिमीटर आकसेल. स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर ३ मिलिमीटर असेल, तर हा फरक भरून काढण्यास एका फेऱ्याचा सुमारे दहावा भाग पुरतो. अनुभवी तंत्रज्ञ स्क्रू अत्यंत थोडा फिरवतात, यामागील कारण या हिशेबावरून स्पष्ट होते. स्क्रू अर्ध्या फेऱ्याहून अधिक सहज फिरू लागला, तर केवळ लाकूड आकसल्याने तसे झाले असण्याची शक्यता कमी असते. आटे गेले आहेत किंवा पिनब्लॉक अन्य कारणाने सुटला आहे, असा संशय घेणे योग्य ठरते.

याशिवाय वाहतुकीतील धक्के, हीटर किंवा वातानुकूलन यंत्रासमोर ठेवलेले वाद्य, तसेच नव्या पियानोतील लाकडाचे पहिल्या काही वर्षांतील स्थिरावणे, ही सैलपणाची अन्य कारणे होत.

लक्षणे

सैल जोडांची लक्षणे निश्चित स्वरूपाची नसतात. तीच लक्षणे अन्य बिघाडांतही आढळतात. तरी पुढील बाबी आढळल्यास प्लेटचे स्क्रू तपासले जातात.

* सूर लावल्यानंतर वाद्य फार लवकर उतरते आणि पुन्हा लावले तरी तोच अनुभव येतो.
* ठरावीक स्वर वाजवताच धातूची झिणझिण ऐकू येते आणि संशयित नटावर बोट दाबताच ती थांबते.
* सूर लावताना एका भागातील तारा चढवल्यावर दूरच्या भागातील तारा नेहमीपेक्षा अधिक उतरतात.
* ऋतू बदलताना वाद्यातून अधूनमधून 'टक्' असा आवाज येतो.

ऋतूनुसार होणारा स्वरबदल आणि सैल स्क्रूंमुळे होणारा स्वरबदल यांतील भेद ओळखणे आवश्यक असते. पावसाळ्यात नादफलक फुगून वर येतो, घोडीवरील तारांना अधिक ताण देतो आणि सूर चढतो. कोरड्या हवेत तो उतरतो. हा बदल दरवर्षी उलटसुलट होत राहतो. सैल जोडांमुळे होणारा बदल मात्र बहुधा उतरण्याच्या एकाच दिशेने होतो.

आवळण्यापूर्वीची तपासणी

स्क्रूला हत्यार लावण्यापूर्वी प्लेटला तडा नाही याची खात्री करणे ही पहिली पायरी होय. चांगल्या प्रकाशात तिरप्या कोनातून दांड्यांची बेचकी, स्क्रूंची छिद्रे, पिनांच्या रांगा आणि नोजबोल्टभोवतीचा भाग पाहिला जातो. प्लेटवरील सोनेरी रंगाला केसासारखी रेघ पडलेली असली, तर ती केवळ रंगाची आहे की बिडातही उतरली आहे, हे भिंगाने पाहून ठरवावे लागते. रंगाची रेघ सहसा वाकडीतिकडी आणि अनेक फाट्यांची असते. बिडाची भेग एखाद्या छिद्रापासून किंवा कोपऱ्यापासून निघते आणि दांडीला आडवी जाते. तडा आढळल्यास आवळण्याचे काम तेथेच थांबवले जाते, कारण दाबात होणारा कोणताही बदल ती भेग वाढवू शकतो.

त्यानंतर वाद्याचा स्वर किती उतरला आहे याची नोंद केली जाते. आवळल्याने प्लेट किंचित हलते आणि तारांचा घोडीवरील दाब बदलतो. त्यामुळे सूर बदलणे अटळ असते. या कारणास्तव हे काम सूर लावण्यापूर्वी करायचे असते. सूर लावून झाल्यावर, विशेषतः कार्यक्रमाच्या दिवशी, प्लेटच्या स्क्रूंना हात न लावण्याचा संकेत आहे.

आवळण्याची पद्धत

हत्याराचे पाते स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारे असावे लागते. जुन्या स्क्रूंची खाच रुंद असते. बारीक पात्याने ती फाटते आणि नंतर तो स्क्रू काढणेही कठीण जाते. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची मूठ किंवा रॅचेट पाना ही या कामाची नेहमीची साधने होत. ठोके देत फिरणारी विजेवरची यंत्रे वापरली जात नाहीत, कारण त्यांनी दिलेला जोर हाताला जाणवत नाही आणि त्यांचे धक्के बिडाला घातक ठरू शकतात.

प्रथम सर्व स्क्रूंवर हलका जोर देऊन कोणता घट्ट व कोणता सैल आहे याचा अंदाज घेतला जातो. या फेरीत एकही स्क्रू मुद्दाम फिरवला जात नाही. अनेकदा स्क्रूंच्या माथ्यावर आणि शेजारी प्लेटवर खडूने खूण करतात, म्हणजे कोणता किती फिरला हे नंतर समजते. सर्व स्क्रू घट्ट आढळल्यास काम येथेच संपते.

दुसऱ्या फेरीत पिनब्लॉकचे स्क्रू मध्यापासून दोन्ही टोकांकडे थोडेथोडे आवळले जातात. एकच स्क्रू पूर्ण आवळून पुढे जाण्याऐवजी सगळ्यांवर दोन-तीन वेळा फिरणे इष्ट असते. त्यामुळे प्लेटचा कोणताही एक भाग एकदम खाली ओढला जात नाही. त्यानंतर परिघावरील स्क्रूंची पाळी येते. जुना स्क्रू हलताना 'चट्' असा आवाज होतो. तो बहुधा गंज किंवा रंगाची पकड सुटल्याचा असतो. मात्र प्लेटमधून मोठा, घुमणारा आवाज आल्यास काम तत्काळ थांबवून पुन्हा तपासणी करावी लागते.

सर्व पियानोंना लागू पडेल असा आवळण्याच्या जोराचा एकच आकडा देता येत नाही. लाकडाचा प्रकार, स्क्रूची जाडी, वाद्याचे वय आणि छिद्राची स्थिती यांनुसार तो बदलतो. स्क्रूचा माथा प्लेटवर नीट टेकला आणि हाताला ठाम अडथळा जाणवला की थांबायचे, हा रूढ नियम आहे. त्यापुढचा जोर लाकडातील आटे कातरतो आणि घट्ट करू पाहिलेला स्क्रू कायमचा निकामी होतो.

काम झाल्यावर सूर लावतात. काही दिवसांनी वाद्य स्थिरावल्यावर तो पुन्हा तपासला जातो.

नोजबोल्टची काळजी

प्लेटच्या जोडांत सर्वाधिक सावधगिरी नोजबोल्टच्या बाबतीत बाळगावी लागते. प्लेट बोल्टच्या खांद्यावर पूर्ण टेकलेली असेल, तर वरचा नट आवळल्याने ती खांदा व नट यांच्यामध्ये सुरक्षितपणे धरली जाते. परंतु प्लेट आणि खांदा यांच्यात फट असेल, तर नट आवळताच प्लेट तेवढ्या भागात खाली वाकवली जाते. तारांच्या भाराखाली असलेल्या बिडावर हा अधिकचा वाक पडतो आणि दांडी तडकण्याचा धोका निर्माण होतो.

म्हणून नट आवळण्यापूर्वी फट आहे की नाही हे पातळ फीलर गेजने तपासले जाते. फट आढळल्यास नट केवळ बोटाने टेकेल इतपतच बसवतात, आणि ही बाब पुढील तंत्रज्ञासाठी नोंदवून ठेवतात. तारा पूर्ण ताणात असताना बोल्ट स्वतः वर-खाली फिरवला जात नाही. त्याची उंची बदलण्याचे काम तारा उतरवलेल्या असताना, म्हणजे वाद्याच्या पुनर्बांधणीत केले जाते. तेव्हा परिघावरील स्क्रू बसवून झाल्यावर बोल्ट प्लेटला नुसता स्पर्श करेपर्यंत वर आणतात आणि मग नट घट्ट करतात.

नोजबोल्ट नादफलकाला स्पर्श करत नाही ना, हेही पाहावे लागते. छिद्राच्या कडेला तो लागला, तर नादफलकाचे कंपन अडते किंवा झिणझिण निर्माण होते.

उभ्या पियानोतील विशेष प्रश्न

उभ्या पियानोत प्लेट, पिनब्लॉक आणि मागचे जाड लाकडी खांब हे एकामागे एक चिकटवलेले व स्क्रूंनी जोडलेले असतात. वरच्या बाजूचे स्क्रू प्लेट व पिनब्लॉक भेदून या खांबांत जातात. सरसाचा जोड कोरडा पडून सुटला, तर पिनब्लॉक खांबांपासून पुढे झुकतो. पियानोचे झाकण उघडून मागच्या कडेने पाहिल्यास ही फट दिसते. अशा वेळी केवळ स्क्रू आवळून फट मिटवणे शक्य नसते. तारांचा ताण मोठ्या प्रमाणात कमी करणे, फटीत सरस भरणे, शिकंज्यांनी जोड दाबणे आणि सांगाड्यातून आरपार बोल्ट टाकणे, अशी ही मोठी दुरुस्ती असते.

काही जुन्या उभ्या पियानोंत प्लेट पिनब्लॉकच्या खालीच संपते आणि खुंट्या उघड्या लाकडात दिसतात. अशा अपुऱ्या प्लेटच्या वाद्यांत बराचसा भार लाकडी सांगाड्यावरच असतो. त्यांचे स्क्रू आवळताना विशेष संयम ठेवावा लागतो, आणि त्यांना आधुनिक स्वरापर्यंत चढवावे की नाही याचाही विचार करावा लागतो.

आटे गेलेले स्क्रू

स्क्रू गोल फिरत राहिला पण घट्ट झाला नाही, तर लाकडातील आटे गेले असे समजतात. अशा स्क्रूला आणखी पिळण्यात अर्थ नसतो. आसपासचे स्क्रू शाबूत असतील आणि वाद्य स्थिर असेल, तर तो तसाच सोडून त्याची नोंद करणे हा एक मार्ग असतो. दुरुस्ती करायची झाल्यास स्क्रू काढून छिद्रात कठीण लाकडाची खुंटी चिकटवतात व नव्याने भोक पाडतात, किंवा छिद्र इपॉक्सीने भरून त्यात आटे पाडतात. खाली लाकूड पुरेसे असल्यास अधिक लांब स्क्रू वापरता येतो. एकाहून अधिक शेजारचे स्क्रू एकाच वेळी काढले जात नाहीत. तसे करणे भागच असल्यास आधी तारांचा ताण कमी करतात.

स्वर चढवण्यापूर्वीची तपासणी

तारेची लांबी व जाडी कायम असता तिच्यावरील ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा स्वर चढवणे म्हणजे कंपनसंख्या सुमारे ५.९ टक्क्यांनी वाढवणे. त्यामुळे ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. पूर्ण सुरात १७.५ टन ताण असणारा पियानो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहून अर्ध्या स्वराने उतरला असेल, तर त्याला ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वरावर आणताना प्लेटवर जवळजवळ २ टनांचा भार नव्याने पडतो. हा भार घालण्यापूर्वी सांगाड्याचे जोड घट्ट आहेत याची खात्री करून घेणे शहाणपणाचे असते. स्वर एकदम न चढवता दोन-तीन टप्प्यांत चढवतात. दुर्लक्षित वाद्यांत तारा तुटण्याची शक्यताही असते.

हवामान आणि महाराष्ट्र व गोवा

मुंबई, कोकण आणि गोवा येथे पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. उलट विदर्भात मे महिन्यातील दुपारी ती अनेकदा २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. किनाऱ्यावरील पियानोंत लाकूड फुगून चेपले जाण्याचा आणि स्क्रू गंजण्याचा त्रास प्रामुख्याने होतो. अंतर्भागात पावसाळा व उन्हाळा यांतील तफावत मोठी असल्याने सैलपणा अधिक संभवतो. दमट शहरातून कोरड्या शहरात नेलेल्या वाद्याची तपासणी म्हणूनच पहिल्या वर्षात करणे इष्ट असते. मात्र ती पोहोचल्यानंतर लगेच न करता, वाद्य नव्या हवेत काही आठवडे राहिल्यावर करतात.

ब्रिटिश काळात उष्ण कटिबंधातील वसाहतींसाठी पाठवलेल्या पियानोंपैकी काहींत सरसाच्या जोडांना जागोजागी स्क्रूंची जोड दिलेली आढळते. दमट हवेत सरस सुटतो, या अनुभवातून ही पद्धत आली. अशा वाद्यांत नेहमीपेक्षा अधिक स्क्रू दिसतात आणि त्यांपैकी प्लेटचे कोणते हे आधी निश्चित करावे लागते.

खोलीतील आर्द्रता वर्षभर शक्यतो ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राखणे, हा स्क्रू सैल न होऊ देण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. किनारी प्रदेशात एवढी कोरडी हवा राखणे अवघड असते. तेथे प्रत्यक्ष आकड्यापेक्षा स्थिरतेला अधिक महत्त्व द्यावे लागते. रात्री वातानुकूलन आणि दिवसा उघड्या खिडक्या, अशी सवय वाद्याला अपायकारक ठरते.

मतभेद

प्लेटचे स्क्रू नियमितपणे आवळावेत की केवळ बिघाडाचे लक्षण दिसल्यावरच त्यांना हात लावावा, याविषयी तंत्रज्ञांत एकमत नाही. नियमित आवळण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की घट्ट सांगाड्यामुळे सूर टिकतो आणि तारांची ऊर्जा सैल जोडांत वाया जात नाही. काही तंत्रज्ञ आवळल्यानंतर आवाज अधिक स्वच्छ व दीर्घ झाल्याचेही सांगतात. विरोधी बाजूचे म्हणणे असे, की दीर्घकाळ स्थिर असलेल्या वाद्याचा समतोल विनाकारण ढवळू नये आणि दर वेळी थोडे थोडे आवळल्याने लाकूड अधिकच चेपले जाते. शिवाय आवळल्यानंतर वाद्याचा सूर लगेच लावला जात असल्यामुळे आवाजातील सुधारणा नेमकी कशाने झाली, हे वेगळे काढणे कठीण असते.

तपासणी वारंवार करावी, पण आवळणे गरजेपुरतेच ठेवावे, याबाबत मात्र दोन्ही बाजूंत फारसा वाद नाही. तडा गेलेल्या प्लेटला धातूचे टाके घालून किंवा विशिष्ट प्रकारच्या जोडकामाने काही वेळा वाचवता येते. परंतु त्यासाठी तारा उतरवाव्या लागतात, खर्च मोठा असतो आणि यशाची हमी नसते. त्यामुळे हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते.

हेही पहा

* पियानो
* नादफलक
* बीड
* सापेक्ष आर्द्रता